बत्तासा, खपली आणि अव्वांची कण्हेर

मी परसात वाकून चुन्याची फक्की टाकत होते आणि अव्वा मागच्या पायरीवर बसून बघत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात चहाची बशी. गप्प बसणं अव्वांना सोसत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"कबड्डीचं मैदान आखतीस व्हय गं?"

"बाग आखतेय."

"मग ही मधली रेघ कसली?"

"रेघेच्या अलीकडं तुमची झाडं, पलीकडं ससे. मध्ये जाळी मारायची."

"वाटणी म्हण की सरळ!" बशीतला उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "पण माझी वाटणी कशाला काढतीस बाई? प्लास्टर निघालं की मी चालले गावाला."

हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचंच. कधी भाकरी मोडताना, कधी टीव्हीवर जाहिरात लागली की.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या लिंगायत घरांत आईला अव्वा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचे. सासरे गेल्यापासून त्या तासगावजवळच्या गावी एकट्याच राहत. एका सकाळी अंगणात पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं आणि दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. मल्लिनाथ, म्हणजे माझा नवरा, त्यांना आमच्याकडं मिरजेला घेऊन आला. हाडं पार ठिसूळ झाली आहेत, पुन्हा पडल्या तर खुबाच जाईल, एकटं म्हणून ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. बजावलं ते आम्हाला. अव्वांना सांगायची छाती कुणाची होती?

आणि अव्वा काही एकट्या आल्या नव्हत्या. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत लावलेली त्यांची झाडं टेंपोतून बरोबर आली होती. लाल कण्हेर, तगर, जास्वंद, बेलाचं एक रोप. सगळी महादेवाच्या पूजेची. डबे पायरीशी ओळीनं मांडून ठेवलेले. आमचं परस चांगलं लांबरुंद, नुसतं पडीक, पण "झाडं मातीत लावूया का?" म्हटलं की अव्वांची मान आडवी हलायची. "नको. मातीत गेलेलं झाड पुन्हा उचलता येत नाही. डब्यातच बरी आहेत."

त्यावरून मला आणि मल्लिनाथला एक युक्ती सुचली. स्वयंपाकघरात कुजबुजत आम्ही ती पक्की केली. अव्वांना 'राहा' म्हणायचंच नाही. तसं म्हटलं की त्या हट्टाला पेटणार, दुसऱ्या दिवशी गाडी पकडणार. त्यापेक्षा झाडं एकदा जमिनीत जाऊ देत. झाडं टाकून त्या कुठं जातात? आपोआप राहतील. मला तर आमच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

राहता राहिले ससे. शेजारच्यांची बदली झाली तेव्हा जाताना ते दोन ससे आणि एक पिंजरा आमच्या दारात ठेवून गेले होते. पांढरा तो बत्तासा, आणि खपली गव्हाच्या रंगाची ती खपली. मल्लिनाथ म्हणाला होता, कुणाला तरी देऊन टाकू. पण आठवडाभर त्यांना मेथी चारली आणि मग कसलं देणं नि कसलं काय! बत्तासा माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. ऑफिसातून घरी येताना मला आधी त्याची आठवण व्हायची, मग नवऱ्याची. नवऱ्याला हे माहीत होतं.

पिंजऱ्यात कोंडलेले ससे बघवत नव्हते मला. तेव्हा एकाच परसात सशांनाही हुंदडता यावं आणि अव्वांची झाडंही रुजावीत, असा नकाशा काढायला मी बसले. वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं ते. ससा दिसेल ते कुरतडतो आणि न दिसेल ते उकरून काढतो. जाळी नुसती वर असून भागत नाही, हातभर खोल जमिनीतही पुरावी लागते. हे सगळं मला जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर माळींनी समजावून सांगितलं. आणि शेवटी त्यांनी विचारलं, "बागेत कण्हेर नाही ना?"

"आहे. का?"

"पान खाऊ दे नाहीतर फूल, ससा जगायचा नाही. कण्हेर काढून टाका."

घ्या! म्हणजे ज्या झाडाला जमिनीत घालायला आमची एवढी धडपड, तेच नेमकं विषारी.

अव्वांना हे कसं सांगायचं याची मल्लिनाथनं आणि मी दोन दिवस टोलवाटोलवी केली. तुझी आई, तू सांग. तुझे ससे, तू सांग. शेवटी जेवताना मीच तोंड उघडलं.

"अव्वा, डॉक्टर म्हणाले, कण्हेर विषारी असते म्हणून."

अव्वांचा घास हातातच राहिला. डाव्या हातानं जेवायची सवय अजून झाली नव्हती, त्यात हे.

"विषारी? देवाला वाहते मी ती."

"देवाला चालते हो. सशांना चालत नाही."

"हां. म्हणजे तुझे ससे देवाच्या वर चढले."

"तसं कुठं म्हटलं मी?"

"मग कसं म्हटलंस? मल्लू, काय म्हणाली रे ही?"

मल्लिनाथ आमटीच्या वाटीत बघत म्हणाला, "मला वाढ थोडी अजून."

त्या रात्री अव्वांनी दूधही घेतलं नाही. सकाळी कण्हेरीचा डबा पायरीवरून उचलून त्यांच्या खोलीत, पलंगाशेजारी गेलेला. प्लास्टरच्या हातानं तो कसा उचलला देव जाणे. मला राग आला, आणि त्या पुन्हा पडल्या असत्या तर म्हणून भीतीही वाटली. दोन्ही एकदमच.

मी नकाशा पुसला आणि नव्यानं काढला. या वेळी मी त्यांना काहीच विचारलं नाही. नुसतं मोठ्यानं बोलत फक्की टाकत राहिले.

"कण्हेर त्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी. तिच्यापुढं जास्वंद. मग पायवाट. मग जाळी. म्हणजे वाऱ्यानं फूल पडलं तरी पायवाटेवर पडेल. पायवाट मी रोज सकाळी झाडीन."

"वारा तिकडनं इकडं येतो," पायरीवरून आवाज आला.

"काय?"

"संध्याकाळी वारा भिंतीकडनंच येतो. रोज बसते मी इथं, दिसतं मला. कण्हेर या कोपऱ्यात घे, नळाकडं. म्हणजे फुलं रस्त्यावर उडतील, आत यायची नाहीत."

मी मुकाट्यानं रेघ पुसली. त्यानंतर मात्र त्यांना राहवेना. पेरूच्या झाडाखाली सशांची बाजू घे, दुपारी सावली लागते त्यांना. तिथं नको, तिथं पाणी तुंबतं. त्या सिमेंटच्या पाइपाचा तुकडा पडलाय बघ, तो आडवा टाक, आत जाऊन बसतील. मेथी सगळी एकदम पेरशील तर एका दिवसात फडशा पाडतील, अर्धी झाकून ठेव आणि ती वाढली की दुसरी झाक. मधूनमधून "मला काय, मी चाललेच आहे" हे चालूच होतं. पण त्यातला जोर कमी झाला आहे असं मला वाटायचं. निदान तसं वाटून घ्यायला मला आवडायचं.

गवंड्यानं जाळी बसवली. कमरेएवढी उंच, खाली विटांची ओळ. सशांच्या बाजूला दूर्वा, मेथी, पाइप, पेरूचं झाड. मी नियमही करून टाकला: जाळीच्या आत माझ्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. ससे नव्या जागी आधीच बिचकतात, त्यात माणसांची ये-जा नको.

आणि एका रविवारी सकाळी अव्वा स्वतःच म्हणाल्या, "मल्लू, खड्डे घे."

सगळे डबे फोडले. कण्हेर सगळ्यात शेवटी गेली. अव्वांनी डाव्या हातानं माती सारखी केली, आणि मल्लिनाथनं त्यांच्या पाठीमागून माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. जिंकलो! त्या दुपारी मी पुरणपोळी केली. कारण विचारलं तर सांगितलं, सहज.

प्लास्टर निघालं ते शनिवारी. सोमवारी अव्वांनी बऱ्याच दिवसांनी आपल्या हातांनी पूजा केली. तोवर पूजा मीच उरकायचे. होय, उरकायचेच, अव्वा स्टुलावर बसून "भस्म नीट लाव, बेलाचं पान पालथं घाल" असं सांगत राहायच्या, आणि निर्माल्य मल्लिनाथ ऑफिसला जाता जाता देवळातल्या कुंडात टाकायचा. त्या सोमवारी मी कामावर निघाले तेव्हा देव्हाऱ्यातला महादेव लाल फुलांनी अगदी झाकून गेला होता. कण्हेर मातीत गेल्यावर जोरात फुलली होती. अव्वांचा चेहरा इतका निवांत मी त्याआधी पाहिला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर बत्तासा जाळीशी आला नाही. पाइपाच्या तोंडाशी आडवा पडला होता, तोंडातून लाळ गळत होती, पोट भराभरा हलत होतं. खपली कोपऱ्यात ठीक होती. मी त्याला ओढणीत गुंडाळलं आणि रिक्षानं दवाखाना गाठला.

"काय खाल्लं यानं?" डॉक्टर माळींनी विचारलं.

"मेथी. दूर्वा. रोजचंच."

"कण्हेर?"

"शक्यच नाही डॉक्टर. ती पार दुसऱ्या टोकाला आहे, मध्ये जाळी आहे. मी स्वतः आखलंय सगळं."

डॉक्टरांनी सुई दिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग नळी काढून गळ्यात टाकली. बत्तासा तिथंच टेबलावर गेला. माझ्या ओढणीवर.

रिक्षात मी त्याला मांडीवर घेऊन बसले. रडले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि काही न विचारता रेडिओ बंद केला.

घरी आल्यावर मी सरळ जाळीच्या आत गेले आणि गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. पेरूच्या बुंध्याशी बेलाची पानं पडली होती, आणि त्यांत कण्हेर. काही फुलं सुकलेली, काही अर्धी कुरतडलेली.

मान वर केली तर जाळीपलीकडं अव्वा उभ्या.

"ते निर्माल्य आहे," त्या म्हणाल्या. "मी टाकलं. आज सकाळी."

मी एक कुरतडलेलं फूल उचललं.

"कुठं टाकायचं कळेना. मल्लू आधीच निघून गेला होता. निर्माल्य पायदळी येऊ नये ना. आणि सगळ्या घरात इथंच तेवढा कुणाचा पाय पडत नाही. तू म्हणालीस तसं. देवाचं निर्माल्य म्हणून टाकलं, त्यात कण्हेर आहे हे ध्यानातच आलं नाही गं." त्यांनी माझ्या बाजूला ठेवलेल्या ओढणीकडं पाहिलं. "गेला?"

"गेला."

त्या वळल्या आणि आत गेल्या.

मी मल्लिनाथला फोन केला, काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, येतोच. फोन ठेवून अव्वांच्या खोलीत डोकावले, तर पलंगावर पिशवी उघडलेली आणि त्या लुगड्याच्या घड्या घालत होत्या. नुकता मोकळा झालेला हात अजून नीट वळत नव्हता. एक घडी घालायला कितीतरी वेळ लागत होता.

"हे काय चाललंय?"

"सकाळची गाडी आहे."

"अव्वा, आज नको हे. माझ्यात आज ताकद नाही."

"तुझ्या ताकदीचं काय काम? पिशवी मी उचलणार आहे."

"आणि तिकडं पुन्हा पडलात म्हणजे?"

"पडले तर पडले. निदान कुणाचा जीव तर घेणार नाही."

माझं डोकं फिरलं. दिवसभराचं दमलेलं अंग, कपड्यांवर लाळेचा डाग, आणि वर हे! "जायचं असेल तर जा," मी म्हणाले, "पण हे निमित्त काढून जायचं नाही. मी तुम्हाला एक शब्द तरी बोलले का?"

"बोलली नाहीस. म्हणूनच विचारते." अव्वांनी घडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "खरं सांग. मघाशी तिथं फुलं बघितलीस, तेव्हा तुझ्या मनात आलं का नाही, की म्हातारीनं मुद्दाम केलं?"

नाही म्हणायला जीभ उचलली होती मी. कुठल्याही सुनेनं उचलली असती.

"आलं," मी म्हणाले.

मी उंबरठा ओलांडून आत आले.

"आलं मनात. कण्हेरीवरून तुम्ही दूधही घेतलं नव्हतं, ते आठवलं. पण तुमचा चेहरा बघितला आणि गेलं ते. पण आलं होतं. आता काय करायचं ते करा."

वाटलं, आता ह्या सकाळची काय, आत्ताचीच गाडी पकडतात. पण अव्वा पलंगावर हळूच टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

"नाही म्हणाली असतीस तर मी खरंच गेले असते," त्या म्हणाल्या. "तोंडावर गोड आणि मनात भलतं, असल्या घरात पाणी सुद्धा घशाखाली उतरत नाही मला. बरं झालं बोललीस." मग थोडं थांबून, जवळजवळ रागानंच, "एवढं कडू बोलता येतं तुला, मग दुसरं का नाही बोलता आलं इतके दिवस?"

"दुसरं काय?"

"काय म्हणजे? आल्यापासून रोज म्हणते, मी चालले, मी चालले. एकदा तरी म्हणालीस, अव्वा, राहा? मल्लू म्हणाला? माझ्या कण्हेरीला राहा म्हणालात. जास्वंदीला म्हणालात. सशांच्या बसण्याउठण्याची व्यवस्था केलीत, पाइप काय, सावली काय! ते सगळं मीच सांगत होते पायरीवरनं, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता ही म्हणेल, आता म्हणेल. मला कुणी म्हणालं?"

"आम्हाला वाटलं, म्हटलं तर तुम्ही हट्टानं जाल..."

"तुम्हाला वाटलं! स्वयंपाकघरात कुजबुजत बसायचात दोघं. मला काय वाटत होतं? वाटत होतं, म्हातारीला कधी एकदा घालवतो, याचंच बोलणं चाललंय."

मी उभीच्या उभी रडायला लागले. बत्तासासाठी रडत होते की कशासाठी, मला तरी कुठं कळत होतं! पडीक परसातून मी बाग उभी केली, वाऱ्याची दिशासुद्धा विचारात घेतली, आणि एक साधा शब्द तेवढा तोंडातून काढला नव्हता.

"राहा की हो अव्वा," मी म्हणाले. "राहा तुम्ही. नका जाऊ. मला पाहिजे आहात तुम्ही इथं."

"ओरडतीस कशाला? ऐकू येतं मला," अव्वा म्हणाल्या आणि पदरानं त्यांनी आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. "चल. अंधार व्हायच्या आत त्याला पुरून टाकू. तो तसाच पडलाय बाहेर."

तगरीच्या मागं आम्ही त्याला पुरलं. खड्डा मी घेतला, माती त्यांनी लोटली. नंतर नळाजवळ अव्वांनी आणखी एक खड्डा घ्यायला लावला आणि त्यावर फरशीचा तुकडा ठेवला. आजपासून निर्माल्य इथं. खपली जाळीला नाक लावून बघत होती. अव्वांनी मेथीच्या दोन काड्या तिच्यापुढं धरल्या. तिनं हुंगल्या आणि तोंड फिरवलं.

"नाही खाणार आज," अव्वा म्हणाल्या. "राहू दे. मी बसते तिच्याजवळ." बसायला जागा शोधत त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पायवाट अरुंद होती, बाकी सगळीकडं वाफे. शेवटी त्या तशाच जाळीला धरून उभ्या राहिल्या.

एवढ्यात मल्लिनाथ आला. घाम फुटलेला, चेहरा पांढराफटक. वाटेत त्यानं सगळं भाषण पाठ केलं असावं, कारण चपलाही न काढता त्यानं सुरुवात केली.

"अव्वा, हे बघ, झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. आपण दुसरा ससा आणू, आणि तुला जायचंच असेल तर मी स्वतः गाडीनं..."

"ससा राहू दे," अव्वा म्हणाल्या. "बाकडं आण एक."

"बाकडं?"

"इथं टाकायला. एवढी बाग आखलीत, त्यात माणसानं टेकायचं कुठं? जाळी सरकव जरा मागं आणि इथं टाक."

मल्लिनाथनं माझ्याकडं पाहिलं. माझे सुजलेले डोळे, मातीनं भरलेले हात. त्याला काही समजेना. बिचाऱ्यानं आपलं सुचेल ते विचारलं, "केवढं आणू?"

"तुझी बायको माझ्याशी भांडायला येऊन बसेल एवढं," अव्वा म्हणाल्या.